सेकंदांत संपलेली वर्क युनिट्स आणि काकांची लॉग फाइल

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोथरूडच्या एका विद्यार्थिनीने काकांचा जुना कॉम्प्युटर माळ्यावरून खाली काढला. काका त्यावर २००८ ते २०१३ या काळात सेटी ॲट होम चालवत असत, म्हणजे परग्रहावरच्या बुद्धिमान जीवांचे रेडिओ संकेत शोधण्याचं काम घरोघरच्या कॉम्प्युटरांना वाटून देणारा बर्कले विद्यापीठाचा प्रकल्प. हार्ड डिस्कवर बॉइंकच्या (अशा प्रकल्पांची कामं मागवून चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) डेटा फोल्डरमध्ये ‘जॉब लॉग’ने सुरू होणारी एक टेक्स्ट फाइल मिळाली. त्यात प्रत्येक पूर्ण झालेल्या कामाची, म्हणजे ‘वर्क युनिट’ची, एक ओळ आहे; त्यातल्या काही ओळी तिने प्रश्नासोबत दिल्या आहेत. बहुतेक कामं तीन-चार तासांची, काही तासाभराच्या आतली आणि अधूनमधून दहा-पंधरा सेकंदांत आटोपलेली. ती विचारते: काकांचं मशीन बिघडलेलं होतं, की सर्व्हर कचरा पाठवत होता? मी स्वतः आता आइनस्टाइन ॲट होम हा पल्सार (ठरावीक लयीत रेडिओ ठोके देणारे, वेगाने फिरणारे तारे) शोधणारा तसाच प्रकल्प चालवते, तिथे सगळी कामं जवळजवळ सारख्याच वेळात होतात, मग इथेच असं का? बॉइंकचे वेळेचे अंदाज वरखाली का होतात? आणि जाता जाता, आपल्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीचा डेटा असा घरोघरी का वाटत नाहीत?

आधी निकाल सांगून टाकतो. मशीन बिघडलेलं असण्याची शक्यता कमी आहे. तासाभराच्या आतली कामं आणि काही सेकंदांची कामं ही दोन अगदी वेगळी प्रकरणं आहेत, त्यांना एकाच पोत्यात भरू नका. आणि कोणती ओळ कोणत्या प्रकारातली, हे त्याच फाइलवरून बऱ्यापैकी ठरवता येतं.

सगळा गोंधळ एका गैरसमजातून होतो. वर्क युनिट लहान वेळात संपलं म्हणजे त्यात डेटा कमी होता, असं आपण धरून चालतो. सेटी ॲट होममध्ये अरेसिबोच्या प्रत्येक युनिटमधला डेटा सारखाच असे. पोर्तो रिकोमधल्या त्या ३०५ मीटरच्या दुर्बिणीवर १४२० मेगाहर्ट्झच्या आसपासचा अडीच मेगाहर्ट्झचा पट्टा रेकॉर्ड होई. बर्कलेला ‘स्प्लिटर’ नावाचा प्रोग्राम त्या पट्ट्याच्या २५६ चिरफळ्या करी. एक चिरफळी साधारण ९.७७ किलोहर्ट्झची, आणि तिचा १०७ सेकंदांचा तुकडा म्हणजे एक वर्क युनिट. मोजून १०,४८,५७६ नमुने, फाइल सुमारे साडेतीनशे किलोबाइटची. डायल-अपच्या जमान्यात टेलिफोनचं मीटर डोळ्यांसमोर ठेवून आम्ही ती उतरवून घेत असू. त्या काळी एका वेळी एकच युनिट मिळे. जास्त वेळ चालणारं युनिट आलं तर दिवस-दीड दिवस निश्चिंती. लवकर संपणारं आलं की पुन्हा फोन लावा, आणि नेमकं तेव्हाच घरातल्या कुणाला तरी फोन करायचा असे.

तर डेटा तोच, नमुने तितकेच. फरक पडतो तो त्या डेटावर किती काम करावं लागतं यात. आणि ते ठरतं त्या १०७ सेकंदांत दुर्बीण आकाशात काय करत होती यावर.

प्रत्येक युनिटच्या हेडरमध्ये, म्हणजे फाइलच्या सुरुवातीच्या माहितीत, एक आकडा असतो, अँगल रेंज. त्या १०७ सेकंदांत दुर्बिणीची नजर आकाशावर किती अंश सरकली, तो हा आकडा. सेटीने दुर्बीण स्वतः सहसा फिरवली नाही. दुसऱ्या कुणाचं तरी निरीक्षण चालू असायचं आणि सेटीचं रेकॉर्डिंग त्याच्या पाठुंगळी बसून जायचं. २००६ पासून हे रेकॉर्डिंग अल्फा नावाच्या सात बीमच्या रिसीव्हरवरून होऊ लागलं. (बीम म्हणजे रिसीव्हरला एका वेळी दिसणारा आकाशाचा छोटा तुकडा.) काकांची बहुतेक युनिट्स त्यातलीच असणार. आता समजा त्या दिवशीच्या खगोलशास्त्रज्ञाने दुर्बीण एका जागी थांबवून ठेवली आणि आकाश वरून सरकू दिलं. पृथ्वीच्या फिरण्यामुळे आकाश सेकंदाला सुमारे १५ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) सरकतं. १०७ सेकंदांत झाले ०.४५ अंश. अरेसिबो ज्या पट्टीतलं आकाश बघू शकत असे तिथे, विषुववृत्तापासून १८-२० अंशांवर, तो आकडा थोडा आकसून ०.४२ होतो. जुन्या मंडळींना ०.४२ हा आकडा तोंडपाठ असायचा, कारण सगळ्यात जास्त युनिट्स त्याचीच येत. त्याच्यामागे कुठलं गूढ नव्हतं, आकाशच त्या वेगाने सरकतं.

दुर्बीण एखाद्या स्रोताला धरून ठेवत असेल, म्हणजे त्याच्याबरोबर फिरत असेल, तर हा आकडा जवळजवळ शून्य होतो. आणि निरीक्षण करणाऱ्याला मोठा भाग भराभर पुसून काढायचा असेल, किंवा दुर्बीण एका जागेवरून दुसरीकडे नेली जात असेल, तर आकडा एकच्या वर जातो. १.१३ च्या पुढच्या युनिटांना आम्ही ‘शॉर्टी’ म्हणायचो. ०.१२ च्या खालच्यांना ‘व्हीएलएआर’, म्हणजे व्हेरी लो अँगल रेंज.

यात वेळेचा संबंध कुठे आला? प्रोग्राम काय शोधतो ते बघा. पहिला प्रकार स्पाइक, म्हणजे एका फ्रिक्वेन्सीवर सरासरीच्या २४ पट किंवा त्याहून जास्त ताकद. दुसरा गाउसियन, म्हणजे ताकद हळूहळू चढते, शिखर गाठते आणि उतरते. एखादा स्थिर तारा बीममधून सरकत गेला तर नेमकं असंच दिसायला हवं. तिसरा पल्स, ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येणारे ठोके. चौथा ट्रिपलेट, समान अंतरावरचे तीन ठोके. (२०१३ च्या आवृत्तीत पाचवा आला, ऑटोकोरिलेशन.) हे सगळं एकदा नाही करायचं. पाठवणारा ग्रह आणि आपली पृथ्वी दोन्ही फिरताहेत, त्यामुळे येणाऱ्या संकेताची फ्रिक्वेन्सी सरकत असणार. किती सरकत असेल ते माहीत नाही, म्हणून हजारो वेगवेगळे दर गृहीत धरून डेटा प्रत्येक वेळी सरळ करायचा आणि प्रत्येक दराला ०.०७५ हर्ट्झच्या बारीक चाळणीपासून १२२० हर्ट्झच्या जाड चाळणीपर्यंत सगळं चाळून काढायचं.

यातलं पल्स शोधणं सगळ्यात खर्चिक. ठोक्यांचा कालावधी माहीत नसतो. म्हणून वेळेची पट्टी वेगवेगळ्या कालावधींवर घडी घालून बघावी लागते. पट्टी जितकी लांब, तितक्या घड्या जास्त. आणि पट्टीची लांबी म्हणजे आकाशातला एक बिंदू बीममध्ये जितका वेळ राहतो तितकीच. त्याच्या पलीकडे घडी घालण्यात अर्थ नाही, तो बिंदू निघून गेलेला असतो. अल्फाचा बीम सुमारे साडेतीन कलांचा (कला म्हणजे अंशाचा ६०वा भाग). आकाश आपल्या वेगाने सरकत असेल तर एक बिंदू त्यात सुमारे १५ सेकंद राहतो. शॉर्टीच्या हद्दीवर तेच पाच-साडेपाच सेकंदांवर येतं आणि पुढे आणखी कमी होत जातं. व्हीएलएआरमध्ये पाऊण मिनिटाहून जास्त, कधी पूर्ण १०७ सेकंद. धावत्या एसटीतून रस्त्याकडेच्या पाट्या वाचण्यासारखं आहे हे: गाडी वेगात असली की नुसतं ठळक अक्षर दिसतं, बारीक मजकूर वाचायचा प्रयत्नच कुणी करत नाही. शॉर्टीमध्ये गाउसियनची जुळवणी होत नाही, पल्सच्या घड्या अगदी थोड्या घालाव्या लागतात, आणि बराचसा वेळ फक्त स्पाइकवर जातो. म्हणून चार तासांच्या जागी तासाभरात काम उरकतं. तुमच्या काकांच्या फाइलमधली तासाभराच्या आतली कामं ही. काम पूर्ण झालेलं आहे, निकाल खरा आहे, क्रेडिटही, म्हणजे केलेल्या कामाचे गुण, त्या मानाने कमीच मिळायचं. फुकटात काही नव्हतं.

शॉर्टींची खरी डोकेदुखी सर्व्हरला असे. एखाद्या दिवसाचं रेकॉर्डिंग भराभर फिरवलेल्या दुर्बिणीचं असलं की स्प्लिटरमधून एकामागून एक शॉर्टीच बाहेर पडत. जगभरातली मशीनं ती पटापट संपवून पुन्हा हात पसरत. बर्कलेच्या प्रयोगशाळेतून बाहेर जाणारी लाइन शंभर मेगाबिटची, ती तुंबायची आणि चार तासांची कामंसुद्धा वेळेवर मिळेनाशी व्हायची. त्यात शॉर्टींची मुदतही कमी असे. त्यामुळे तुमच्या मशीनवरचा बॉइंक घाबरून बाकीची कामं बाजूला सारून आधी तीच करत बसायचा, आणि लोकांना वाटायचं काहीतरी अडकलंय.

आता दहा-पंधरा सेकंदांची कामं. ही शॉर्टी नव्हेत. कितीही वेगाने दुर्बीण फिरवली तरी त्या काळच्या प्रोसेसरवर हजारो दरांचं चाळण दहा सेकंदांत होत नाही. ही कामं मध्येच थांबवलेली आहेत, आणि थांबवली आहेत प्रोग्रामने स्वतः.

एका युनिटमध्ये ३० पेक्षा जास्त संकेत नोंदवायचे नाहीत, अशी मर्यादा होती. साधं स्वच्छ आकाश असेल तर एवढे मिळतच नाहीत. २४ पटींची अट इतकी कडक आहे की निव्वळ खरखरीतून संपूर्ण युनिटभरात काही मोजके स्पाइक निघतात, तेही चाळण्या अब्जावधी वेळा मारल्यामुळे. मग ३० भरले याचा अर्थ उघड आहे. त्या १०७ सेकंदांत माणसाने बनवलेलं काहीतरी दुर्बिणीत घुसलं होतं. प्रोग्राम ‘वजा ९, रिझल्ट ओव्हरफ्लो’ असा संदेश लिहून काम आटोपतं घेई. पुढे तीन तास वीज जाळून आणखी कचरा मोजण्यात हशील नव्हतं.

सेकंदांतच का थांबतं, याला एक छान कारण आहे. प्रोग्राम सुरुवात करतो शून्य दरापासून, म्हणजे संकेत सरकत नाही असं धरून. मग थोडा सरकला तर, आणखी सरकला तर, असं दोन्ही बाजूंना वाढवत जातो. आता जो ट्रान्समीटर दुर्बिणीच्याच बेटावर जमिनीत रोवलेला आहे, त्याच्या आणि दुर्बिणीच्या मधलं अंतर बदलत नाही, म्हणजे त्याची फ्रिक्वेन्सी सरकत नाही. तो पहिल्याच फेरीत, शून्यावर सापडतो, आणि ३०ची पाटी तिथल्या तिथे भरते. म्हणून ओव्हरफ्लोचं काम बहुधा सुरू होता होताच संपतं. क्वचित पाटी हळूहळू भरते आणि अर्ध्या तासाने किंवा दोन तासांनी काम थांबतं. तुमच्या फाइलमध्ये कुठल्याच गटात न बसणारे अधलेमधले वेळ दिसले तर ते हे असू शकतं.

१४०० ते १४२७ मेगाहर्ट्झ हा पट्टा रेडिओ खगोलशास्त्रासाठी जगभर राखून ठेवलेला आहे, तिथे कुणी प्रक्षेपण करायचं नाही. मग कचरा आला कुठून, असं तुम्ही विचाराल. अरेसिबोला सगळ्यात जास्त त्रास होता रडारचा. विमानतळाचं आणि लष्करी रडार त्याच्या खालच्या शेजारच्या पट्ट्यात चालतं. त्याचा ठोका इतका जबरदस्त असतो की रिसीव्हर क्षणभर गुदमरतो आणि त्याचे पडसाद राखीव पट्ट्यातही उमटतात. रडार केव्हा ठोका मारणार याची सूचना देणारी यंत्रणा होती, पण ती पुरी पडत नव्हती. शेवटी बर्कलेच्या लोकांनी रेकॉर्डिंगमधूनच रडारची लय ओळखणारा प्रोग्राम लिहिला. तो त्या क्षणांचा डेटा काढून तिथे कृत्रिम खरखर भरत असे आणि मगच युनिट्स पाडली जात. त्यानंतर ओव्हरफ्लोचं प्रमाण खूप उतरलं.

म्हणजे ‘सर्व्हर कचरा पाठवत होता का’ याचं उत्तर अर्धं होय असं आहे. कचरा दुर्बिणीच्या रेकॉर्डिंगमधूनच आला होता, सर्व्हरला तो आधी कळायला मार्ग नव्हता. कळण्यासाठी तर ते युनिट तुमच्या काकांकडे आलं होतं.

आता फाइल उघडा. एका ओळीत सुरुवातीला दहा आकडी संख्या, मग दोन-दोन अक्षरांच्या खुणा आणि त्यांच्यापुढे आकडे. पहिली संख्या म्हणजे १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद. १२७३००००००ने सुरू होणारी ओळ असेल तर ते काम ५ मे २०१० ला, आपल्या घड्याळाप्रमाणे मध्यरात्रीनंतर १२ वाजून ३६ मिनिटांनी पूर्ण झालं. ‘यूई’ म्हणजे बॉइंकचा आधीचा अंदाज, ‘सीटी’ म्हणजे प्रोसेसरने प्रत्यक्ष दिलेला वेळ, ‘एफई’ म्हणजे या कामात किती गणितं करावी लागतील याचा सर्व्हरने पाठवलेला अंदाज, ‘एनएम’ म्हणजे कामाचं नाव आणि ‘ईटी’ म्हणजे घड्याळात गेलेला वेळ.

किल्ली आहे ‘एफई’मध्ये. स्प्लिटरला अँगल रेंज माहीत असे, म्हणून शॉर्टीचा ‘एफई’ तो मुळातच कमी लिहून पाठवी. तेव्हा वेळ कमी आणि ‘एफई’ही इतर ओळींच्या मानाने कमी, तर ती शॉर्टी. ‘एफई’ चार तासांच्या कामाइतकाच मोठा आणि वेळ मात्र दहा सेकंद, तर ओव्हरफ्लो. स्प्रेडशीटमध्ये ‘सीटी’ भागिले ‘एफई’ असा एक रकाना काढा. नेहमीच्या कामांसाठी आणि शॉर्टींसाठी हा आकडा आसपासच राहील, ओव्हरफ्लोच्या ओळी हजारपट खाली जाऊन पडतील. डोळ्यांनी शोधायची गरजच नाही.

एका सापळ्यापासून सांभाळा. २००८ च्या अखेरीस ग्राफिक्स कार्डावर चालणारी आवृत्ती आली. काकांच्या मशीनमध्ये कार्ड असेल तर अशा कामांचा ‘सीटी’ अगदी थोडा दिसेल, कारण प्रोसेसरने फक्त वाढप्याचं काम केलं, गणित कार्डाने केलं. तिथे ‘ईटी’ बघा. ‘सीटी’ कमी आणि ‘ईटी’ व्यवस्थित असेल तर ते छोटं काम नाही.

नावातही बरंच काही आहे. ‘०४एमआर०७’सारखी सुरुवात असेल तर रेकॉर्डिंग ४ मार्च २००७ चं. म्हणजे काकांनी २०१० मध्ये केलेलं काम तीन वर्षांपूर्वीच्या आकाशाचं असू शकतं. पुढचे आकडे स्प्लिटरच्या हिशेबाचे आहेत, त्यातला नावाच्या शेवटाकडचा ० ते २५५ मधला आकडा म्हणजे २५६ चिरफळ्यांतली ही कितवी. नावात ‘व्हीएलएआर’ असं चक्क लिहिलेलं असेल तर ते काम कार्डांना द्यायचं नाही अशी खूण आहे. लांब पट्टीच्या घड्या घालताना त्या काळची कार्डं धापा टाकत, स्क्रीनवरचा माउससुद्धा अडखळायचा. काही लोक अशी कामं बघून बघून रद्द करायचे, म्हणजे तासाला जास्त क्रेडिट. ते मला तेव्हाही पटलं नव्हतं. दुर्बीण एका ताऱ्यावर स्थिर असतानाचा डेटा तो, आणि तोच टाकून द्यायचा? ‘एपी’ने सुरू होणारं नाव असेल तर ते ॲस्ट्रोपल्स, निराळाच प्रोग्राम, त्याचे वेळ बाकीच्यांशी ताडून बघू नका.

नावाच्या अगदी शेवटी खालच्या रेघेनंतर ० किंवा १ असेल. प्रत्येक युनिट दोन अनोळखी मशीनांना पाठवलं जाई आणि दोघांचे निकाल जुळले तरच धरले जात. तो दुसरा कोण, हे आपल्याला वेबसाइटवर दिसे. २ किंवा ३ असेल तर आधीच्या दोघांचं जुळलं नाही किंवा कुणीतरी मुदत चुकवली, म्हणून काकांना नंतर बोलावलं गेलं.

हे महत्त्वाचं अशासाठी, की मशीन खरोखर बिघडलेलं होतं का याचा निवाडा इथेच होत असे. ओव्हरफ्लो खरा असेल तर जगाच्या दुसऱ्या टोकाच्या मशीनलाही त्याच युनिटमध्ये तेच ३० संकेत मिळणार. तापलेलं किंवा प्रोग्रामशी न जुळणारं ग्राफिक्स कार्ड मात्र खोटे ओव्हरफ्लो काढतं: गणित चुकतं, सगळीकडे संकेत दिसू लागतात, पाटी भरते, काम दहा सेकंदांत खलास. मग ते मशीन लगेच पुढचं काम मागतं आणि त्याचीही तीच गत करतं. एक आजारी कार्ड दिवसभरात युनिटांचा फडशा पाडू शकतं.

लॉग फाइलमध्ये दुसऱ्याचा निकाल नसतो. पण तारखा असतात, आणि पुण्यात राहणाऱ्याला तेवढं पुरतं. ओव्हरफ्लोच्या ओळी महिन्यांनुसार मोजा. खरा रडारचा कचरा रेकॉर्डिंगच्या तारखेला चिकटलेला असतो, म्हणजे नावातली तारीख एकच असलेली बरीच युनिट्स ओव्हरफ्लो होतात, मग तुमच्याकडे ती जानेवारीत येवोत की ऑगस्टमध्ये. मशीनची तक्रार असेल तर नावातल्या तारखा विखुरलेल्या असतील आणि ओव्हरफ्लो मात्र एप्रिल-मेच्या दुपारी दाटीने आलेले दिसतील. बंद खोली, डोक्यावर पत्रा किंवा तापलेली गच्ची, पंख्यावर वर्षाची धूळ, आणि बाहेर ४० अंश. जूनमध्ये पहिला पाऊस पडला की आपोआप बरं होणारं कार्ड मी बघितलेलं आहे. वेळेच्या खुणेवरून तास काढून दुपारी १ ते ५ आणि पहाटे १ ते ५ अशी तुलना केलीत तर शंका राहणार नाही. तुम्ही प्रश्नात दिलेल्या ओळींपैकी छोट्या वेळांच्या चारही ओळींची रेकॉर्डिंगची तारीख एकच दिसते, आणि त्या पूर्ण झाल्यात वेगवेगळ्या आठवड्यांत. म्हणून मी सुरुवातीलाच म्हणालो की काकांच्या मशीनवर आळ घेऊ नका.

‘यूई’चे अंदाज वरखाली का होतात, असंही तुम्ही विचारलं आहे. बॉइंक एक सुधारक गुणक ठेवत असे. काम अंदाजापेक्षा लांबलं तर गुणक एकदम वर चढे, लवकर संपलं तर सावकाश खाली येई, आणि दहा पटींहून लवकर संपलं तर जवळजवळ दुर्लक्षच करी. हे सावध धोरण होतं, नाहीतर चार ओव्हरफ्लो झाल्यावर बॉइंकने महिनाभराची कामं भरून घेतली असती.

आता आइनस्टाइन. तिथे रेडिओ पल्सारचा शोध २००९ पासून सुरू आहे, आधी अरेसिबोच्या आणि आता दक्षिण आफ्रिकेतल्या मीरकॅटच्या डेटावर. २०१० मध्ये पहिला नवा पल्सार मिळाला, सेकंदाला सुमारे ४१ वेळा फिरणारा, तो आयोवातल्या एका जोडप्याच्या आणि जर्मनीतल्या एका माणसाच्या कॉम्प्युटरवर. त्या अरेसिबोच्या कामांत दुर्बीण आकाशातल्या एका जागेवर २६८ सेकंद रोखलेली असे. सरकणं नाही, म्हणून अँगल रेंजचा प्रश्नच नाही. शोधायचं ते एखाद्या सोबत्याभोवती फिरणारे पल्सार, अगदी ११ मिनिटांच्या कक्षेपर्यंतचे. त्यासाठी कक्षांचे संभाव्य आकार आधीच ठरवून ठेवलेले असतात आणि प्रत्येक कामात ते सगळे तपासायचे असतात. पाटी भरली म्हणून थांबायचं नाही. सगळं तपासून झाल्यावर सगळ्यात जोरदार निघालेल्यांची यादी परत जाते. कचरा असला तरी वेळ तेवढाच लागतो, फक्त यादी कचऱ्याने भरते.

त्यामुळे तुमच्यासाठी नियम उलटा आहे. सेटीत दहा सेकंदांचं काम दिसलं तर आधी रेकॉर्डिंगवर संशय घ्यायचा. आइनस्टाइनमध्ये दहा सेकंदांत काम संपलं तर ते बहुतेक बिघडलेलं आहे. टास्कच्या पानावर ‘कॉम्प्युटेशन एरर’ असेल. ग्राफिक्स ड्रायव्हर नुकताच आपोआप बदलला असेल तर ओपनसीएलची (कार्डावर गणित चालवायला लागणारी) फाइल गेलेली असते, हे सगळ्यात नेहमीचं कारण. ड्रायव्हर निर्मात्याच्या साइटवरून पुन्हा टाका. गुरुवारी वीज जाते तेव्हाचं नुसतं अडलेलं काम मात्र चेकपॉइंटपासून, म्हणजे शेवटी जपून ठेवलेल्या टप्प्यापासून, पुढे चालू लागतं, त्याची काळजी नको.

सेटी ॲट होमने ३१ मार्च २०२० ला कामं वाटणं बंद केलं. काकांसारख्या लोकांनी परत पाठवलेल्या सुमारे १२ अब्ज नोंदींची छाननी नंतर नेब्युला नावाच्या प्रोग्रामने झाली. ओव्हरफ्लोमध्ये जे ढोबळपणे होतं ते तिथे बारकाईने झालं: वर्षानुवर्षं एकाच फ्रिक्वेन्सीवर दिसणारं काढा, अल्फाच्या अनेक बीममध्ये एकदम दिसणारं काढा (आकाशातला एक बिंदू एका वेळी सात ठिकाणी असू शकत नाही), एका सरळ रेषेत सरकत जाणारं काढा. चाळणी नीट आहे का हे बघायला बनावट संकेत मुद्दाम मिसळले होते. शेवटी शंभराच्या आसपास जागा उरल्या आणि त्यांच्याकडे चीनच्या फास्ट दुर्बिणीने पुन्हा बघायचं ठरलं.

राहिला खोडदचा प्रश्न. पुण्यापासून ८० किलोमीटरवर, नारायणगावजवळ, जीएमआरटीच्या (जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोपच्या) ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश आहेत, १४ मधल्या चौकात आणि १६ तीन दिशांच्या भुजांवर, २५ किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. चित्र काढायचं तर प्रत्येक डिशचा संकेत प्रत्येक दुसऱ्या डिशशी गुणावा लागतो. ३० डिशच्या ४३५ जोड्या होतात, आणि हे काम निरीक्षण चालू असतानाच तिथल्या तिथे करावं लागतं. साडेतीनशे किलोबाइटच्या पुड्या बांधून कोथरूडला पाठवण्यासारखा हा माल नाही. पण याच रचनेचा एक फायदा आहे. एका डिशजवळच्या विजेच्या तारेवर ठिणगी उडाली तर ती दहा किलोमीटरवरच्या डिशला ऐकू येत नाही, म्हणून त्या जोडीच्या गुणाकारात ती बरीचशी विरून जाते. अरेसिबोसारख्या एकट्या डिशला ही सोय नव्हती. जवळजवळच्या डिशना मात्र तारांवरच्या ठिणग्यांचा त्रास होतोच, आणि दुर्बिणीचं अद्ययावतीकरण झालं तेव्हा असे ठोके मूळ डेटातच ओळखून गाळणारी व्यवस्था दुर्बीण चालवणाऱ्या पुण्यातल्या एनसीआरए या संस्थेच्या अभियंत्यांनी तिथे बसवली.

पल्सार शोधायचे असतात तेव्हा सगळ्या डिशचे संकेत एकत्र करून एक बीम बनवतात. तो डेटा आइनस्टाइनसारखा तुकडे करून वाटता येण्याजोगा असतो, तत्त्वतः काही अडचण नाही. सध्या मात्र जीएमआरटीच्या चित्रांमध्ये सामान्य माणसाला भाग घ्यायचा असेल तर ‘रॅड ॲट होम’ आहे. तिथे कॉम्प्युटर नाही, तुमचे डोळे लागतात: आकाशगंगांची रेडिओ चित्रं बघून वेगळं काय दिसतं ते शोधायचं. आणि २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला खोडदला दुर्बीण लोकांसाठी खुली असते तेव्हा जा. मोबाइल बंद ठेवायला सांगतील. ओव्हरफ्लो कशाने होतो हे आता माहीत असल्याने तुम्हाला कारण विचारावं लागणार नाही.